गोव्याच्या परसातला मोगरा पुन्हा पुन्हा कसा फुलवावा

दिवाळी सरून रात्री थोड्या गार होऊ लागल्या की फुलझाडांचे कंद आणि मुळ्या ऑनलाइन मागवण्याचे दिवस येतात. त्या दुकानांच्या पानांवर पिओनीची वाटीएवढी, पाकळ्यांनी गच्च भरलेली गुलाबी फुले पाहून गोव्यातल्या बागकाम करणाऱ्यांचाही हात खिशाकडे जातो. हा लेख त्या मोहापासून सुरू होत असला तरी तो मोगऱ्याविषयी आहे. पिओनी आपल्याकडे का फुलत नाही हे नीट समजले, तर परसातला मोगरा एकदा फुलून वर्षभर नुसती पाने का मिरवतो, याचेही उत्तर बरेचसे हाती लागते.

पिओनी हे थंड प्रदेशातले, एकदा रुजले की पन्नास वर्षेही टिकणारे झाड आहे. हिवाळ्यात त्याचा जमिनीवरचा सगळा भाग वाळून जातो आणि मातीखाली जाड मुळ्या व त्यांच्या माथ्यावरचे लालसर डोळे तेवढे उरतात. या डोळ्यांना कित्येक आठवडे, साधारणपणे सात अंशांच्या खालची थंडी मिळाली तरच वसंतात ते जोमाने फुटतात आणि फुलतात. आपल्या हिमालयातही पिओनीची एक देशी जात, पिओनिया एमोडी, काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंतच्या डोंगरउतारांवर आपोआप उगवते. पण तिथे बर्फ पडतो. पणजीत जानेवारीतल्या रात्रीचे सरासरी किमान तापमान वीस अंशांच्या आसपास असते. मुळ्या दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवून मग लावण्याचा उपाय काही जण सुचवतात, पण फ्रिजमधून निघालेल्या त्या झाडाच्या नशिबी लगेच आपला मार्च-एप्रिल येतो. माझे स्पष्ट मत असे की किनारपट्टीवर पिओनीवर खर्च करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

थंड देशांतल्या माळ्यांचीही पिओनीविषयी एक कायमची तक्रार असते: पहिल्या वर्षी फुलली, पुढे फुललीच नाही. त्याची ठरलेली कारणे अशी, की डोळे मातीत पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गाडले गेले, वर मोठ्या झाडाची सावली आली, नत्राचे (नायट्रोजनचे) खत जास्त झाले, किंवा फुले संपताच हिरवी पाने कापून टाकल्याने मुळ्यांत पुढच्या वर्षाची शिदोरी साठलीच नाही. यातली सावली आणि नत्र ही दोन कारणे गोव्यातल्या फुकट गेलेल्या बहुतेक मोगऱ्यांना तशीच लागू पडतात. तिसरे कारण मात्र मोगऱ्याचे स्वतःचे आहे. पिओनीला जी विश्रांती थंडी देते, ती मोगऱ्याला तहान देते. आणि ज्याच्या दारात बारमाही विहीर किंवा नळ आहे, तो माळी प्रेमापोटी नेमकी तीच त्याला मिळू देत नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस दुहेरी मोगऱ्याची रोपे गोव्याहून इटलीत तुस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याच्याकडे पोहोचली. फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लो येथील त्याच्या बागेत या फुलाला ‘मुगेरीनो’ म्हणू लागले, आणि त्या शब्दात आपला मोगरा स्पष्ट ऐकू येतो. तिथली थंडी त्याला सोसत नसल्याने त्याच्यासाठी उबदार घर बांधावे लागले. गुलाबासारख्या भरगच्च फुलांच्या त्या जातीला आजही ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ म्हणतात. आपले झाड तिकडे शेकोटीजवळ वाढवायचे आणि त्यांचे झाड इकडे फ्रिजात, अशी ही मौज आहे. पण ज्यांना पिओनीसारखे पाकळ्यांवर पाकळ्या असलेले फूल गोव्यात हवे आहे, त्यांनी हीच जात शोधावी, असे मी सांगेन.

झाड निवडताना

मोगऱ्याचे शास्त्रीय नाव जॅस्मिनम सँबॅक. परसासाठी त्याचे ढोबळपणे तीन प्रकार विचारात घ्यावेत. एकेरी मोगरा वेलासारखा पसरतो, भराभर वाढतो आणि भरपूर फुलतो. गडग्याच्या कडेने किंवा मांडवावर चढवायला तो उत्तम. दुहेरी मोगरा, ज्याच्या गोल, टपोऱ्या कळ्यांमुळे त्याला पुष्कळ ठिकाणी बटमोगरा म्हणतात, तो झुडुपासारखा राहतो आणि गजऱ्यासाठी तोच सर्वांत सोयीचा. तिसरा वर सांगितलेला ड्यूक. त्याच्या फांद्या ताठ असतात, एकेका पेरावर बहुधा तीन-तीन पाने येतात, वाढ अगदी सावकाश होते, आणि फूल इतके दाट असते की पावसात सापडले तर ते पूर्ण उमलण्याआधीच तपकिरी पडते. त्याला उन्हाळ्यातच फुलवावे आणि पावसात त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

नावांवर मात्र फार भिस्त ठेवू नये, कारण एकाच नावाखाली दोन रोपवाटिकांत दोन वेगळी झाडे मिळतात. विशेषतः ‘हजारी मोगरा’ म्हणून जे झाड पुष्कळदा दिले जाते, ते मोगऱ्याच्या कुळातले नसतेच. रुंद, केसाळ पानांचे ते क्लेरोडेंड्रम असते आणि त्याच्या मुळांतून निघणारे फुटवे वर्षभरात अर्धे परस व्यापून टाकतात. म्हणून रोप शक्यतो फुलावर असताना, म्हणजे मार्च ते मे या काळात, बघून घ्यावे आणि लावायचे पावसाच्या सुरुवातीला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रोपे विकणाऱ्यांकडे कळी असलेले रोप मागितले तर ते दाखवतात. कळी नसेल तर पान चुरगाळून, वास घेऊन काही कळत नाही, कारण मोगऱ्याच्या पानाला फुलाचा वास नसतो.

जागा, माती आणि न्हाणीचे पाणी

जुन्या गोमंतकीय घरांत मोगरा बहुधा दोनच जागी लावलेला आढळतो: एक न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर आणि दुसरी माडाच्या आळ्यात. दोन्ही ठिकाणी त्याला आपोआप पाणी मिळते, म्हणून त्या जागा निवडल्या गेल्या. आणि दोन्ही ठिकाणी तो हिरवागार होऊन कमीच फुलतो, तेही त्याच कारणाने. न्हाणीच्या पाण्यात साबणाचा क्षार असतो, त्यामुळे पाने हळूहळू पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माडाच्या आळ्यात वर चुडत्यांची सावली, खाली माडाच्या मुळांची दाटी आणि त्यातच कित्येक जण माडाला मीठ घालतात, ते माडाला मानवते पण मोगऱ्याला मुळीच सोसत नाही. मासळी धुतलेले पाणी कधीमधी चालेल. खारवलेल्या मासळीचे पाणी मात्र कधीही घालू नये.

मोगऱ्याला दिवसाला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. सकाळपासून दुपारपर्यंतचे ऊन मिळेल अशी पूर्व किंवा दक्षिणेची मोकळी बाजू निवडावी. सावलीतला मोगरा मरत नाही, उलट त्याची पाने मोठी आणि गर्द होतात, आणि म्हणूनच लोक फसतात.

आपली जांभ्या दगडाची तांबडी माती आम्लधर्मी असते, पाणी पटकन खाली जाऊ देते आणि पावसात तिच्यातली अन्नद्रव्ये वाहून जातात. किनाऱ्यालगतच्या गावांत ती जवळजवळ वाळूच असते. मोगऱ्याला दोन्ही चालते, फक्त खड्डा नीट भरावा लागतो. साधारण ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा मे महिन्यात खणून दहा-पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा. निघालेल्या मातीत आठ-दहा किलो चांगले कुजलेले शेणखत आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड मिसळून तो भरावा, आणि पहिले एक-दोन चांगले पाऊस पडून माती बसली की रोप लावावे. वालुकामय जमिनीत निंबोळी पेंड टाळू नये, कारण तिथे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी मोगऱ्याला फार त्रास देतात. दोन झाडांत सव्वा मीटर अंतर सोडावे. ते पहिल्या वर्षी फार वाटते, तिसऱ्या वर्षी कमी पडते. खाजन जमिनीच्या कडेला, जिथे भरतीचे खारे पाणी जमिनीतून झिरपते, तिथे मोगरा जमिनीत लावूच नये, कुंडीत ठेवावा.

कुंडी बारा ते चौदा इंचांची पुरते. फार मोठ्या कुंडीत लहान रोप लावले तर मुळे भरेपर्यंत माती ओली राहते आणि फूल लांबते. मुळांनी कुंडी जरा भरलेली असली की मोगरा बरा फुलतो. तीन भाग तांबडी माती, दोन भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडी नदीची वाळू, एवढे मिश्रण पुरेसे आहे. नारळाच्या सोडणाचे तुकडे तळाला घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते उन्हाळ्यात ओल धरतात, पण पावसाळ्यात तीच ओल मुळे कुजवते, म्हणून मी तळाला कौलांचे तुकडे घालतो.

डिसेंबरची तहान

माझ्या स्वतःच्या परसात विहिरीच्या काठाशी एक दुहेरी मोगरा होता, ज्याला रोज दोन कळशा पाणी मिळत असे आणि जो चार वर्षांत चार ओंजळी फुले देऊ शकला नव्हता. एका डिसेंबरात मागचा गडगा नव्याने बांधायला काढला, कामगारांनी वाट करण्यासाठी ते झुडूप गुडघ्याखाली तोडून टाकले आणि चिऱ्यांच्या ढिगामुळे जवळपास तीन आठवडे कोणाला तिथे पाणी घालायला जाता आले नाही. मी ते झाड गेले असे धरून चाललो होतो. मार्चमध्ये त्याच्या प्रत्येक नव्या फुटव्याच्या टोकाला तीन-तीन कळ्या होत्या. पुढे जे काही मी शिकलो, ते त्या कामगारांनी अजाणता केलेल्या कामाची नीट मांडणी एवढेच आहे.

मोगऱ्याचे फूल नव्या फांदीच्या टोकाला आणि तिच्या वरच्या पानांच्या बेचक्यांत येते. जुने, काष्ठ झालेले लाकूड फुलत नाही. झाड सतत ओले आणि सतत हिरवे राहिले तर ते जुन्याच फांद्या लांबवत राहते आणि नवे फुटवे तुरळक येतात. थोडा काळ पाणी तोडले की वाढ थांबते, झाड फांद्यांत आणि मुळांत अन्न साठवते, आणि पुन्हा पाणी मिळताच एकदम, सगळ्या डोळ्यांतून, फुटते. एकदम फुटणे महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळेच बहर एकाच वेळी आणि भरघोस येतो.

गोव्याच्या हवामानात याची वेळ अशी साधावी. परतीचा पाऊस ऑक्टोबरात संपतो, तेव्हा झाड जोमात असते. त्या वेळी छाटणीची घाई करू नये, कारण अवेळी एखादी मोठी सर आली की नाजूक फुटवे निघून डिसेंबरचा हिशेब बिघडतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत जावे. डिसेंबर लागला की जमिनीतल्या झाडाचे पाणी पूर्ण बंद करावे. बुंध्याभोवती हातभर अंतरापर्यंतची माती खुरप्याने हलकेच उकरून आठवडाभर उघडी ठेवावी, म्हणजे वरची बारीक मुळे सुकतात. खोल खणू नये. जाड मुळे दुखावली तर झाडाला सावरायला पूर्ण मोसम लागतो. पाने किंचित लोंबू लागली, काही पिवळी पडून गळली, तर घाबरून तांब्याभर पाणी घालण्याचा मोह आवरावा. जमिनीतल्या मुरलेल्या झाडाला तीन आठवड्यांची तहान सहज सोसते. कुंडीतल्या झाडाला मात्र इतका ताण देऊ नये. तिथे दहा-बारा दिवस पुरतात, आणि पाने दुपारी लोंबून संध्याकाळीही सावरत नाहीत असे दिसले तर पेलाभर पाणी देऊन जीव राखावा. वर्षाच्या आत लावलेल्या रोपाला तर हा ताण देऊच नये.

ज्यांचा मोगरा माडाच्या आळ्यात आहे त्यांची इथेच अडचण होते, कारण माडाला डिसेंबरपासून पाणी लागते. अशा झाडाची गुटी बांधून, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळे फुटवून, पुढच्या पावसात नवे रोप उघड्यावर लावावे, याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

कात्री

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात छाटणी करावी. धारदार कात्री घ्यावी आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना ती स्पिरिटने पुसावी. आधी वाळलेल्या, रोगट, आत वळलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक, लुळ्या फांद्या मुळापासून काढाव्यात. मग उरलेल्या फांद्या जमिनीपासून ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीवर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरक्या कापाव्यात. त्यावर राहिलेली पानेही हाताने काढून टाकावीत. झाड काठ्यांच्या जुडीसारखे दिसू लागले की काम बरोबर झाले असे समजावे. घरातली वडीलधारी मंडळी या टप्प्यावर हमखास हळहळतात. कुंडीतले झाड निम्म्यावर आणावे. ड्यूकवर इतकी कठोर कात्री चालवू नये; त्याच्या फांद्यांचा वरचा एक तृतीयांश भाग काढणे पुरे, कारण तो भरून यायला फार वेळ घेतो.

छाटणीनंतर आठ-दहा दिवस झाड तसेच कोरडे ठेवावे. जानेवारीच्या सुरुवातीला उकरलेल्या मातीत प्रत्येक झाडाला पाच-सहा किलो शेणखत, एक मूठ हाडांचा चुरा आणि एक मूठ निंबोळी पेंड मिसळून आळे पुन्हा बांधावे आणि मग पहिले पाणी भरपूर, मुळांपर्यंत मुरेल असे द्यावे. त्यानंतर जमिनीतल्या झाडाला चार-पाच दिवसांनी, आणि फुटवे निघाले की दोन-तीन दिवसांनी पाणी पुरते. चुलीतली लाकडाची राख मूठभर घातली तर आम्लधर्मी मातीला चांगलीच, पण ती शेणखताबरोबर एकाच दिवशी घालू नये, कारण राखेमुळे शेणखतातला नत्र हवेत उडून जातो. राखेला पंधरा दिवसांनी पाळी द्यावी.

रासायनिक खत वापरणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की मोगऱ्याला नत्रापेक्षा स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) दुप्पट लागतात. वर्षाला झाडामागे साधारण ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद आणि १२० ग्रॅम पालाश हे मुरलेल्या झाडाचे प्रमाण दोन हप्त्यांत, एक छाटणीनंतर आणि एक पावसाळ्यात उघडीप बघून, द्यावे. हे आकडे अन्नद्रव्यांचे आहेत, खताच्या वजनाचे नव्हेत. पिशवीवरचे टक्के बघून हिशेब करावा. फक्त युरिया घालून फुलांची वाट बघणाऱ्याला पाने मिळतात.

पहिला बहर गेल्यावर

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तांबूस-हिरवे फुटवे दिसतात आणि शिगम्याच्या सुमारास पहिल्या कळ्या येतात. बहुतेक लोक इथे थांबतात. ते फुले तोडतात, गजरे करतात, आणि एप्रिलच्या मध्याला झाड रिते झाले की पुढच्या वर्षाची वाट बघतात. खरे तर नीट राखलेला मोगरा मार्च ते मे या तीन महिन्यांत दोन, कधी तीन बहर देतो. त्यासाठी प्रत्येक बहरानंतर एक छोटी छाटणी करावी लागते, जिला मी शेंडे खुडणे म्हणतो.

मोगऱ्याच्या एका टोकाला बहुधा तीन कळ्यांचा झुबका असतो. मधली आधी उमलते, बाजूच्या नंतर. तिन्ही संपल्या की ते टोक तिथेच अडते आणि नुसते देठ उरतात. ते देठ त्यांच्याखालच्या दोन पेरांसकट खुडून टाकावेत. खाली उरलेल्या पेराच्या दोन्ही बाजूंनी दोन नवे फुटवे निघतात आणि चार ते सहा आठवड्यांत दोघांच्याही टोकांना कळ्या धरतात. म्हणजे एका टोकाची दोन टोके होतात. दर दोन-तीन दिवसांनी झाडाभोवती फिरून हे काम करणे, एकदम सगळे करण्यापेक्षा सोपे जाते आणि फुलेही खंड न पडता मिळतात. फूल झाडावरच सुकू देण्याची सवय मोडावी. मोगरा संध्याकाळी उमलतो आणि दुसऱ्या दिवशी कोमेजून गळतो, म्हणून गजऱ्याच्या आणि फांतीच्या (केसांत माळायच्या माळेच्या) कळ्या तशाही दुपारनंतर, पांढऱ्या टपोऱ्या झाल्या की उमलण्याआधीच खुडल्या जातात. त्याच वेळी हात जरा खाली नेऊन रिकामे शेंडेही काढावेत.

शेंडे खुडल्यावर झाडाला थोडे खाऊ घालावे लागते. शेंगदाण्याची पेंड दोन मुठी घेऊन पाच लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवावी, ते पाणी तितक्याच साध्या पाण्यात मिसळून झाडामागे दोन तांबे घालावे. वास येतो, हे खरे. पाहुणे यायच्या दिवशी हे काम करू नये. महिन्यातून एकदाच पुरे.

उन्हाळ्यात पाण्याचा नेम पाळावा. चार दिवस विसरायचे आणि पाचव्या दिवशी बादली ओतायची, असे झाले की तयार कळ्या गळतात. डिसेंबरातली तहान झाडाला हवी असते, एप्रिलातली नव्हे. बुंध्याभोवती चुडत्यांचे तुकडे, काजूचा किंवा आंब्याचा पालापाचोळा पसरला तर माती तापत नाही. वाळवीची वस्ती असेल तर पाचोळा बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावा. किनाऱ्याजवळच्या गावांतल्या विहिरी मे महिन्यात खारटपणाकडे झुकतात. पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी दिसू लागल्या तर आधी विहिरीचे पाणी जिभेवर घेऊन बघावे आणि मग औषधाच्या दुकानात जावे.

पावसाचे चार महिने

पणजीला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. या काळात मोगऱ्याची फुले कमी होणे स्वाभाविक आहे. पावसाळी फूल हवे असेल तर त्यासाठी जाई आहे. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळातली जायांची पूजा पावसाळ्यात होते, ती उगीच नव्हे. मोगऱ्याकडून त्या दिवसांत फक्त निरोगी वाढ अपेक्षावी. कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, खालच्या ताटल्या काढून घ्याव्यात, जमिनीतल्या झाडाचे आळे मोडून बुंध्यापासून बाहेरच्या बाजूला मातीचा उतार करावा. मुसळधार पावसात घातलेले खत ओढ्याला जाते, झाडाला नाही. जून-जुलै हाच नवी रोपे करण्याचा काळ आहे. बोटाएवढी नव्हे, पेन्सिलीएवढी जाड, तीन पेरांची बारा-पंधरा सेंटिमीटरची काडी घ्यावी, खालची पाने काढावीत आणि वाळूमिश्रित मातीत दोन पेरे जातील अशी सावलीत खोचावी. पाच-सहा आठवड्यांत मुळे धरतात. वेली मोगऱ्याची जमिनीवर टेकलेली फांदी मातीत दाबून वर दगड ठेवला, तर तेवढेही कष्ट पडत नाहीत.

कळ्या जांभळ्या पडतात तेव्हा

ऐन बहरात कळ्या उमलण्याआधीच गुलाबी-जांभळ्या होऊन गळू लागल्या, तर ती उष्णता किंवा दृष्ट नव्हे. एक तरी कळी नखाने फोडून बघावी. आत हिरवट अळी आणि तिची विष्ठा दिसली, कळीला बारीक भोक असले, तर ती कळी पोखरणारी अळी आहे. आत अगदी बारीक, दोऱ्याच्या तुकड्यासारख्या पांढरट-नारिंगी अळ्या असल्या आणि कळी बुडाशी सुजलेली असली, तर ती फुलमाशी होय. दोन्हींवर सर्वांत परिणामकारक काम फुकटचे आहे: बाधित कळ्या झाडावरच्या आणि जमिनीवर पडलेल्या, रोजच्या रोज वेचून उकळत्या पाण्यात टाकाव्यात. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकल्या तर पुढची पिढी आपणच पोसली, असे होते. फुलमाशी कोषात मातीत जाते, म्हणून बुंध्याभोवतीची माती आठवड्यातून एकदा हलवावी आणि तीत निंबोळी पेंड मिसळावी. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा सौम्य साबण घुसळून, संध्याकाळी, दर आठवड्याला फवारावे. त्याआधी त्या दिवशीच्या कळ्या खुडून घ्याव्यात, नाहीतर गजऱ्याला कडुनिंबाचा वास लागतो.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत पानांवर धुरकट ठिपके आणि मागे बारीक जाळे दिसले तर तो लाल कोळी आहे. दोन-तीन दिवस सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो बराच आटोक्यात येतो. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या अशी लक्षणे लोहाच्या कमतरतेची. न्हाणीचे पाणी आधी दुसरीकडे वळवावे, मग लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून दर महिन्याला पानांवर फवारावे. पहिली गोष्ट न करता दुसरी करण्यात अर्थ नाही.

जुने झाड

दहा-पंधरा वर्षांचे झाड कितीही छाटले तरी कमी फुलते. त्याला एक शेवटची संधी द्यावी: डिसेंबरात सगळ्या फांद्या जमिनीपासून वीतभर उंचीवर कापाव्यात, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी आणि जानेवारीत नेहमीचे खतपाणी सुरू करावे. फुटलेल्या कोंबांपैकी सात-आठ जोमदार ठेवून बाकीचे काढावेत. त्या वर्षी फुले फारशी येणार नाहीत. पुढच्या शिगम्यालाही झाड रितेच राहिले, तर ते काढावे. पण त्याआधीच्या जूनमध्ये त्याच्या चार-सहा काड्या लावून ठेवलेल्या असाव्यात, कारण घरातल्या जुन्या मोगऱ्याचा वास बाजारातल्या रोपात मिळेलच असे नाही. नवे रोप मात्र जुन्याच्या खड्ड्यात लावू नये, निदान दोन मीटर सरकून, उन्हाची बाजू बघून लावावे.